बाकडी काढून खुर्च्या बसवण्याआधी
(क्रीडा संकुले, शिक्षण संस्था आणि कुस्ती समित्यांसाठी माहिती)

गॅलरीतली जुनी बाकडी काढून खुर्च्या बसवायच्या म्हटले की पहिला प्रश्न रंगाचा आणि दुसरा दराचा येतो. आम्ही खुर्च्या पुरवून बसवणारे मात्र आधी टेप काढतो, कारण खुर्ची कोणती ते पायरीची खोली ठरवते.

दोन फुटांची, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर खोल पायरी जुन्या गॅलऱ्यांत बऱ्याच ठिकाणी भेटते. पाठ असलेली साधी बकेट सीट (एकाच साच्यातली, न मिटणारी खुर्ची) त्यातले ४० ते ४५ सेंटिमीटर घेते. उरलेल्या वीतभर जागेत मागच्या ओळीचे पाय ठेवायचे आणि तिथूनच लोकांनी ये-जा करायची. एकदम बाहेर पडायची वेळ आली तर हे जिवावर बेतू शकते. ओळीतून चालायला ३५ ते ४० सेंटिमीटर मोकळे हवेतच. म्हणून अशा पायरीला आम्ही माणूस उठल्यावर आपोआप मिटणारी सीट सुचवतो. ती महाग पडते, तरीही. साधी बकेट सीट हवी असेल तर पायरी ८० सेंटिमीटरच्या आसपास पाहिजे.

जागा कमी होतात, हेही आधीच सांगतो. १२ मीटरच्या बाकड्यावर सरकून-सरकून ३० जण बसतात. ५० सेंटिमीटर अंतराने खुर्च्या २४ च बसतात. पण प्रत्येक खुर्चीला नंबर असतो आणि तोच तिकिटावर असतो. रुमाल टाकून जागा धरणे थांबते, आणि उशिरा आलेल्या आजोबांना आपली जागा रिकामी मिळते.

तरीही सगळी गॅलरी खुर्च्यांनी भरू नका, असे आमचे स्पष्ट मत आहे. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या कुस्ती मैदानात लोक डोंगराच्या उतारावर बसून कुस्ती बघतात; तिथे खुर्चीचा विषयच नाही. कुस्तीचे फड होणाऱ्या संकुलांनी काही पायऱ्या मोकळ्या ठेवाव्यात. व्हीलचेअरसाठी सपाट जागी ९० बाय १२० सेंटिमीटरची चौकट आणि शेजारी सोबत्याची खुर्ची मात्र आराखड्यातच धरा, नंतर ती बसत नाही.

आता माल. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात साधे प्लास्टिक पांढुरके पडते आणि मग तडकते. खुर्चीचे पॉलिप्रॉपिलीन (एक प्रकारचे प्लास्टिक) ऊन सोसणाऱ्या मिश्रणाचे आणि सहज पेट न घेणारे आहे, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या, पुरवठादार आम्ही असलो तरी. सीटला पाणी निघायला भोक हवे. गडद रंग दुपारी बसू देत नाही.

सर्वांत जास्त काळजी बोल्टची घ्यावी लागते. साताऱ्याच्या पावसात साधा बोल्ट गंजतो, गंज फुगतो आणि काँक्रीटची कड फुटते. बोल्ट स्टेनलेस किंवा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्डच (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला) वापरावा. भोक पाडण्याआधी आतली सळई कुठे आहे ते शोधावे, भोकातली धूळ पूर्ण काढावी, कडेपासून पुरेसे अंतर ठेवावे. हातोडीने ठोकल्यावर काँक्रीट पोकळ वाजले तर आधी दुरुस्ती, मग खुर्ची. शक्य असेल तिथे खुर्ची पायरीच्या उभ्या बाजूला बसवतो. खाली झाडू फिरतो आणि पाणी साचत नाही.

कोटेशनसाठी पायरीची खोली, उंची, ओळीची लांबी आणि चार फोटो पाठवा. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पाहणीला आम्ही स्वतः येतो, त्याचे पैसे घेत नाही.