पियानोची ॲक्शन आणि ओलावा

पट्टी दाबल्यावर हातोडी तारेवर नेणाऱ्या तरफांच्या जुळणीला पियानोची ॲक्शन म्हणतात. दमट हवेत ती जड किंवा मंद होते. याचे मूळ बहुधा सांध्यांत असते. प्रत्येक सांध्यात सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीची धातूची सेंटर पिन लोकरी कापडाच्या अस्तरात, म्हणजे बुशिंगमध्ये, फिरते. लोकर ओल शोषून फुगली की पिन आवळली जाते आणि हातोडी परतायला उशीर करते. एकच स्वर भरभर वाजवताना मधले आघात गळू लागतात; पट्टी पुरती अडकण्याच्या बऱ्याच आधी हे लक्षण दिसते.

अडकलेली पट्टी दिसली की दोष पट्टीतच असेल असे नाही. तिच्यावरची तरफ हाताने उचलून धरावी. तरीही पट्टी जडच हलली, तर पट्टीच्या भोकांतील बुशिंग फुगलेले असते. ते खास चिमट्याने हलके दाबून मोकळे करतात. पट्टी मोकळी हलली, तर दोष वरच्या सांध्यांत शोधावा. ग्रँड पियानोची हातोडी फ्लँज, म्हणजे ती ज्या सांध्यावर फिरते तो लाकडी तुकडा, धरून झुलवली तर साधारण 5 ते 7 झोके घेते. लगेच थांबली तर सांधा घट्ट आहे. त्यावर पाणी व अल्कोहोलच्या मिश्रणाचा थेंब देतात. ओली लोकर पिनेवर दाबली जाते आणि वाळल्यावर थोडी सैल बसते. एवढ्याने भागले नाही, तर पिन काढून भोक रीमर या घासणीसारख्या बारीक हत्याराने साफ करतात व योग्य मापाची नवी पिन बसवतात. घरगुती तेल मात्र कधीच सोडू नये. ते लोकरीत मुरते, धूळ धरते आणि सांधा आणखी चिकट करते.

लोकरीलाच फाटा देण्याचा प्रयत्नही झाला. स्टाइनवे या पियानो कंपनीने 1962 मध्ये न्यूयॉर्कच्या कारखान्यात टेफ्लॉनची बुशिंग वापरायला सुरुवात केली. टेफ्लॉन फुगत नव्हते, पण भोवतालचे लाकूड ऋतूप्रमाणे फुगत-आकसत राहिले आणि सांधे टकटक वाजू लागले. पुढे कंपनी पुन्हा कापडाकडे वळली. कावाई या जपानी पियानो कंपनीने लाकडाऐवजी एबीएस प्लास्टिकचे भाग वापरण्याची वाट धरली. ती अधिक टिकली.

दुरुस्तीपेक्षा हवा आवरणे स्वस्त पडते. सापेक्ष आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवावी. पियानोच्या आत बसवायच्या तापक कांड्या मिळतात, पण त्यांना आर्द्रता-नियंत्रक जोडलेला हवा. सतत चालू राहिल्या तर साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा नाद वाढवणारी लाकडी फळी, आकसून तडकू शकतो आणि तारा ताणून धरणाऱ्या सुराच्या खुंट्या ढिल्या पडतात.