बेअरिंगच्या शेलमागे फॉइल लावून नॉकिंग (इंजिनची ठकठक) जातं? नाही हो

घरी चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) खोललं, पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडचं बेअरिंग खाल्लेलं दिसलं की कोणीतरी सांगतंच, शेलच्या (बेअरिंगच्या अर्धगोल पत्रीच्या) पाठीमागे सिगारेटच्या पाकिटातली चांदी लाव, गॅप भरतो, आवाज बंद. आवाज खरंच कमी होतो, म्हणून तर ही आयडिया मरत नाही.

पण शेल आणि क्रँकमधला गॅप असतो केवढा, साधारण 0.02 ते 0.06 मिमी, आणि त्यातच ऑइलची फिल्म तयार होते ज्यावर क्रँक अक्षरशः तरंगतो. फॉइलने शेल वेडावाकडा दाबला की फिल्म एका जागी फाटते, वर शेलची गरमी रॉडमध्ये जायला हवी ती नीट जात नाही, शेलची पकड सुटते आणि तो जागेवरच फिरतो, मग रॉड पण गेला.

याचं मूळ जुन्या गाड्यांत आहे बहुतेक. फोर्ड मॉडेल ए सारख्या इंजिनात बेअरिंगचा धातू रॉडमध्येच ओतलेला असायचा आणि कॅप (रॉडचा खालचा, बोल्टने बसणारा अर्धा भाग) आणि रॉडच्या मध्ये शिम, म्हणजे पातळ पत्र्या, असायचे, झीज झाली की शिम काढायचे. काढायचे, घालायचे नाहीत! आणि शेलमागे तर नाहीच.

आता करायचं काय, तर क्रँकचं जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मायक्रोमीटरने दोन-तीन दिशांनी मोजा. ओव्हल किंवा ओरखडे असतील तर ग्राइंडिंग करून 0.25 किंवा 0.50 मिमी अंडरसाइझ शेल (बारीक झालेल्या जर्नलला बसणारे), बोल्ट आवळायचा टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. पॉलिश पेपर शेलवर मारू नका, वरचा मऊ थर केसाहून पातळ असतो. ऑइल पंप, त्याची गाळायची जाळी पण बघा, नाहीतर नवीन शेल पण जाणार.