उलट्या पिसांची कोंबडी: चिमट्याची करामत नव्हे

क्रॉफर्ड मार्केटात फ्रिझल, म्हणजे उलट्या कुरळ्या पिसांची कोंबडी दिसली की कुणीतरी सांगतंच, "अहो, गरम चिमट्याने पिसं वळवलीयत, पावसात सरळ होतील!" साफ चूक. केराटिन (पिसं ज्यापासून बनतात ते प्रथिन) बनवणाऱ्या एका जनुकातल्या बदलामुळे पिसाचा दांडाच वाकतो आणि टोक बाहेर, डोक्याकडे वळतं. जुनी पिसं गळून नवी येतात, तीही कुरळीच. डार्विननेही 1868 मध्ये भारतातल्या अशा कोंबड्यांची नोंद केली होती.

दोन फ्रिझलची जोडी मात्र लावू नये. साधारण चौथाई पिल्लांना तो बदललेला जनुक आई-बाप दोघांकडून मिळतो. त्यांची पिसं ठिसूळ होऊन झडतात. जोडीदार सरळ पिसांचाच हवा. पावसात फ्रिझलची पिसं सरळ होत नाहीत, पण कोंबडी लवकर भिजते. मुंबईच्या जूनमध्ये आडोसा हवाच.