नुसते बोल्ट जुळले म्हणजे इंजिन चालेलच असं नाही
शेवरोलेचं 5.3 लिटरचं कुठलंही व्ही-8 इंजिन त्याच कंपनीच्या जुन्या सिल्व्हराडो पिकअप ट्रकमध्ये थेट चालतं, हा समज चुकीचा आहे. माउंट आणि गिअरबॉक्सचे बोल्ट जुळतात, म्हणून हा समज टिकून राहिलाय. 2003 च्या ट्रकचा ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) क्रँकशाफ्टवरच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरच्या, 24 पल्सच्या रिंगचा सिग्नल वाचतो. 2008 च्या इंजिनावर रिंग 58 दातांची, तिचा सिग्नल जुन्या ईसीएमला कळत नाही. स्टार्टर फिरतो, स्पार्क मात्र पडत नाही. नुसता रिंग वाचणारा क्रँक सेन्सर बदलून पैसे घालवू नका, रिंग तीच राहते! सिग्नल बदलून देणारा बॉक्स लावा, किंवा इंजिनासोबत त्याचाच ईसीएम आणि वायरिंग घ्या. रिंग बदलायची तर क्रँकशाफ्ट बाहेर काढावा लागतो. नव्या इंजिनात कॅम सेन्सरही (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा सेन्सर) मागून पुढे, इंजिनाच्या समोरच्या टायमिंग कव्हरवर गेलाय, त्याची वायर लांबवावी लागेल. खरेदीआधी क्रँक सेन्सरचा रंग पाहा: सहसा काळा म्हणजे 24, करडा म्हणजे 58.