पार्श्वभूमी : पोटॅशियमची पुडी आणि तिच्यामागची पथ्ये

मिरजेत दवाखान्यांच्या आसपास असलेल्या कुठल्याही मेडिकलमध्ये थोडा वेळ उभे राहिले, तर किडनीच्या रुग्णांच्या चिठ्ठीवर एक औषध पुन्हा पुन्हा दिसते : कॅल्शियम पॉलिस्टायरिन सल्फोनेट, 15 ग्रॅमची पुडी. रक्तातले पोटॅशियम वाढले की डॉक्टर ती लिहून देतात. पाण्यात कितीही ढवळली तरी ती विरघळत नाही. भुकटी तळाशी बसते आणि पिताना दाताखाली कचकच लागते. म्हणून कुणी ती संत्र्याच्या रसात घालून घेतात, आणि जे उतरवायचे ते पोटॅशियमच त्या रसातून पोटात जाते. कुणी सकाळच्या सगळ्या गोळ्यांबरोबर एकाच दमात ती उरकून टाकतात. पुडीवर पेनाने ‘दिवसातून 3 वेळा’ एवढेच लिहिलेले असते. ते पुरेसे नाही. या औषधाचे एकेक पथ्य कुठून आले याला मोठा इतिहास आहे, आणि तो कळला की पथ्य पाळायला सोपे जाते.

पोटॅशियम हे मूलद्रव्य हंफ्री डेव्ही यांनी 1807 मध्ये वेगळे केले. त्याचा हृदयाशी असलेला संबंध पुढे आला तो 1880 च्या दशकात, सिडनी रिंगर यांनी बेडकाच्या हृदयावर केलेल्या प्रयोगांतून. शरीरातले सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. रक्तात फिरते ते अगदी थोडे, लिटरमागे साधारण 3.5 ते 5 मिलिइक्विव्हॅलंट (रक्तातले क्षार मोजायचे एकक). एवढ्याशा पोटॅशियमवर हृदयाचा ठोका अवलंबून असतो. ते वाढू लागले की ईसीजीच्या कागदावर प्रत्येक ठोक्याच्या ज्या लाटा उमटतात, त्यांतली टी लाट उंच आणि टोकदार होते, मग पी लाट सपाट होत जाते, पुढची क्यूआरएस ही लाट रुंदावते. पण हा क्रम प्रत्येक रुग्णात पाळला जाईलच असे नाही. कुणाला हातापायांत अशक्तपणा जाणवतो, कुणाला काहीच जाणवत नाही आणि थेट हृदय थांबते. म्हणून तर किडनीवाले डॉक्टर रिपोर्टमधल्या या एका आकड्यावर नजर ठेवून असतात.

पुडीतले द्रव्य म्हणजे एक रेझिन, आणि ते मुळात औषध म्हणून जन्मलेच नाही. 1935 मध्ये इंग्लंडमधल्या अ‍ॅडम्स आणि होम्स या दोघांनी एक आयन (विद्युतभार असलेला कण) सोडून त्याच्या जागी दुसरा धरून ठेवणारी कृत्रिम रेझिने बनवली. त्यांचा मोठा उपयोग होता जड पाणी मऊ करण्यासाठी. 1940 च्या दशकात डॉक्टरांनी ती सूज आलेल्या हृदयरुग्णांना देऊन पाहिली. आतड्यातले सोडियम त्यांनी बाहेर काढावे, ही अपेक्षा. त्यात लक्षात आले की काही रुग्णांचे पोटॅशियमही घसरते. एका आजारातला हा दुष्परिणाम दुसऱ्या आजारात उपयोगी पडला. लघवी बंद झालेल्या रुग्णाला पोटॅशियमपासून वाचवायला 1950 च्या सुमारास हीच रेझिने वापरली जाऊ लागली. डॉक्टर कोल्फ यांनी नेदरलँड्समध्ये महायुद्धाच्या धामधुमीत 1943 साली डायलिसिसचे यंत्र चालवले होते, पण ते अजून फारच थोड्या ठिकाणी होते. बाकीच्यांसाठी पावडर हाच आधार.

अमेरिकेत सोडियम पॉलिस्टायरिन सल्फोनेटला, म्हणजे याच रेझिनच्या कॅल्शियमऐवजी सोडियम असलेल्या प्रकाराला, 1958 मध्ये मंजुरी मिळाली. ही तारीख महत्त्वाची आहे. औषध गुणकारी आहे हे नीट चाचण्या करून सिद्ध करा, अशी सक्ती तिथल्या कायद्याने थॅलिडोमाइड या गोळीमुळे अनेक बाळे व्यंग घेऊन जन्मली त्या आघातानंतर 1962 मध्ये केली. आपली पावडर त्याआधीच बाजारात होती. 1961 मध्ये तिच्याविषयी जे अभ्यास छापून आले, ते मोजक्या रुग्णांवरचे होते. त्यांतल्या एकात तुलनेसाठी औषध न दिलेला गटच नव्हता. दुसऱ्यात एक नवी जोड सुचवली होती : सॉर्बिटॉल. रेझिनमुळे मळ घट्ट होतो, आतड्यात अडकतो, म्हणून जुलाब करणारे हे गोड द्रव्य सोबत द्यायचे. त्याच अभ्यासात नुसत्या सॉर्बिटॉलनेही पोटॅशियम तेवढेच उतरलेले दिसले होते! तरीही ती जोडी रुळली आणि पुढची कित्येक वर्षे जगभरच्या वॉर्डांत मुकाट्याने दिली गेली.

1987 साली किडनी निकामी झालेल्या 5 रुग्णांची हकिगत प्रसिद्ध झाली. रेझिन आणि सॉर्बिटॉलचा एनिमा दिल्यानंतर त्यांच्या मोठ्या आतड्याचा भाग मृत झाला होता. उंदरांवरच्या प्रयोगांत बोट सॉर्बिटॉलकडे गेले. अशा नोंदी साचत गेल्या, तरी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ही जोडी टाळण्याचा इशारा लेबलवर आणायला 2009 उजाडले. 1961 ते 2009! मधल्या काळात किती जणांची आतडी गेली आणि किती जणांच्या बाबतीत कारण कुणाच्या ध्यानातही आले नाही, याचा विचार करताना वाईट वाटते.

औषध खरेच काम करते का, याचे उत्तरही उशिराच मिळाले. 2015 मध्ये कॅनडातल्या 33 रुग्णांवर तुलनात्मक चाचणी झाली. 7 दिवसांत पोटॅशियम, औषध नसलेली नुसती दिखाऊ भुकटी घेणाऱ्यांच्या तुलनेत, लिटरमागे सुमारे 1 मिलिइक्विव्हॅलंटने जास्त उतरले. म्हणजे पावडर उपयोगी आहे. मात्र 2019 मध्ये कॅनडाच्याच ऑन्टारिओ प्रांतातल्या वयस्क रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ती घेणाऱ्यांत पोट-आतड्याच्या गंभीर तक्रारींचे प्रमाण जवळपास दुप्पट दिसले. मुळात ते प्रमाण कमी असते, तेव्हा घाबरून पुडी बंद करण्याचे कारण नाही. पण बद्धकोष्ठ असलेल्या, नुकतेच पोटाचे ऑपरेशन झालेल्या किंवा आतडे अडलेल्या माणसाला ती का देत नाहीत, हे यावरून समजावे.

पुडीची मागणी वाढली त्यामागे आणखी एक धागा आहे. 1981 मध्ये कॅप्टोप्रिल आले आणि त्याच्या जातीची बीपीची औषधे घरोघरी पोचली. 1999 मध्ये एका मोठ्या चाचणीने दाखवले की हृदय गंभीर कमकुवत झालेल्यांत (हार्ट फेल्युअर) स्पायरोनोलॅक्टोन हे औषध मृत्यू कमी करते. ही औषधे हृदयाला आणि किडनीला हितकारक, पण पोटॅशियम चढवणारी. ऑन्टारिओत 1994 मध्ये हार्ट फेल्युअरच्या दर हजार रुग्णांमागे 2.4 जण वाढलेल्या पोटॅशियममुळे दाखल होत होते. 2001 मध्ये हा आकडा 11 वर गेला. 1999 च्या चाचणीतल्या रुग्णांचे रक्त वरचेवर तपासले जात होते, बाहेरच्यांचे नाही. आपल्याकडे त्यात गुडघेदुखीवरच्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांची भर पडते. ऊसतोडीनंतर किंवा द्राक्षबागेच्या छाटणीनंतर मेडिकलमधून परस्पर आणलेली ती गोळी किडनी अधू असलेल्याचे पोटॅशियम आणखी वर नेते.

आता पथ्ये. भारतात सोडियमऐवजी कॅल्शियमचे रेझिन जास्त चालते. सोडियमच्या पावडरीच्या 15 ग्रॅममध्ये सुमारे दीड ग्रॅम सोडियम असते, आणि सूज व धाप असलेल्या रुग्णाला ते झेपत नाही. कॅल्शियमच्या पुडीत ती अडचण नाही. तिथे रक्तातले कॅल्शियम बघावे लागते. रेझिन आतड्यात इतर गोळ्याही धरून ठेवते, थायरॉइडची तर नक्कीच. म्हणून 2017 मध्ये अमेरिकेत 3 तासांच्या अंतराचा नियम आला : इतर औषधे पुडीच्या 3 तास आधी किंवा 3 तास नंतर. कॅल्शियमच्या पुडीलाही तोच लावतात. पोट साफ होत नाही म्हणून घरातले मिल्क ऑफ मॅग्नेशिया देऊ नये. रेझिनसोबत ते रक्तातल्या आम्ल-अल्कलीचा तोल बिघडवते. पुडी गरम दुधात-चहात कालवू नये, बसून घ्यावी, आणि ठरलेल्या दिवशी रक्त तपासावे. पोटॅशियम गरजेपेक्षा खाली गेले तरी हृदयाला धोका असतोच, डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध घेणाऱ्याला अधिकच.

2015 मध्ये पॅटिरोमर आणि 2018 मध्ये सोडियम झिर्कोनियम सायक्लोसिलिकेट ही पोटॅशियम उतरवणारी नवी औषधे अमेरिकेत आली. ती नीट चाचण्यांतून गेलेली आहेत. पहिले घेताना रक्तातले मॅग्नेशियम बघावे लागते, दुसरे घेताना अंगावर सूज येते का ते.

यातले एकही औषध तातडीचे नाही. परिणाम दिसायला काही तास, कधी एक-दोन दिवस लागतात. ईसीजी बिघडला असेल तर शिरेतून कॅल्शियम, मग इन्शुलिन आणि ग्लुकोज, गरज पडली तर डायलिसिस, हाच मार्ग.

सांगली जिल्ह्याला हे विशेष लागू पडते ते पुरामुळे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले, रस्ते तुटले, माणसे बोटींतून काढावी लागली. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागणाऱ्याची एक पाळी चुकली तरी पोटॅशियम चढू लागते. भूकंप-पुरासारख्या संकटासाठी डायलिसिसच्या रुग्णांकडे थोड्या पुड्या आधीच देऊन ठेवाव्यात, असे जगभरच्या किडनीतज्ज्ञांनी सुचवलेले आहे. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांतल्या नदीकाठच्या रुग्णांनी जूनमध्येच आपल्या डॉक्टरांशी हे बोलून घ्यावे : किती पुड्या, दिवसाला किती, किती दिवस, आणि तीन तासांचे अंतर घड्याळात कसे बसवायचे. हे मराठीत एका कागदावर लिहून घ्यावे. त्याच कागदावर पूर असताना काय खायचे नाही तेही असावे. मदतीच्या पिशवीत केळी येतात, घरात तासगावचे बेदाणे असतात, अंगणात शहाळी, आणि तिन्हींत पोटॅशियम भरपूर. छातीत धडधड, हातापायांतली ताकद जाणे किंवा चक्कर जाणवली, तर पुढची पुडी फोडत बसू नये. बोट मागवावी आणि ‘डायलिसिसचा रुग्ण आहे’ हे फोनवर पहिल्या वाक्यात सांगावे.