पार्श्वभूमी : एक औषध, चार कुप्या

मे २०२१ मध्ये पुण्यात ज्यांच्या घरी म्युकरचा, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराचा, रुग्ण होता, त्यांना ‘अँफो’ म्हणजे काय हे कुणी शिकवावं लागलं नाही. कोविडसाठीच्या रेमडेसिविरच्या धावपळीतून जेमतेम सुटलेले नातेवाईक पुन्हा चिठ्ठी घेऊन सदाशिव पेठेतल्या औषधबाजारात हिंडत होते. चिठ्ठीवर कुठे नुसतं ‘अँफोटेरिसिन बी’, तर कुठे त्याच्या आधी ‘लायपोसोमल’ असं विशेषण. या विशेषणामुळे कुपीची किंमत काही शेकड्यांवरून काही हजारांवर जात होती. आणि टंचाई मुख्यतः होती ती विशेषणाचीच.

औषध तसं जुनं. व्हेनेझुएलात ओरिनोको नदीच्या परिसरातल्या मातीतल्या जिवाणूपासून ते १९५०च्या दशकाच्या मध्यावर मिळालं. पिंपरीचा सरकारी पेनिसिलिन कारखाना, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स (एचए), हाही त्याच सुमाराचा, १९५४चा. तिथल्या प्रयोगशाळेने १९६१च्या आसपास पिंपरीच्याच मातीतून याच कुळातलं एक बुरशीनाशक शोधलं, हमायसिन. ज्या जिवाणूपासून ते मिळालं त्याच्या शास्त्रीय नावात ‘पिंप्रिना’ आहे. एचए मैदान फक्त सभा-प्रदर्शनांसाठी माहीत असलेल्या पिढीला हे सांगितलं तर थट्टा वाटते. हमायसिन पोटातून दिलं तर रक्तात भरवशाने उतरत नसे. त्यामुळे ते मुख्यतः वरून लावण्यापुरतंच राहिलं.

या कुळाची खोड एकच. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल असतं, औषध त्याला चिकटतं आणि आवरणाला भोकं पडतात. माणसाच्या पेशीत त्याचा चुलतभाऊ असतो, कोलेस्टेरॉल. औषध बुरशीलाच जास्त धरतं हे खरं, पण माणसाला अगदीच सोडत नाही. पित्तक्षाराच्या आधाराने विरघळवलेलं साधं अँफो शिरेतून चढू लागलं, की रुग्णाला हुडहुडी भरते, ताप चढतो. पुढे काही दिवसांत पोटॅशियम घसरतं आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडावरच्या ताणाची खूण, वर सरकतं. म्युकरचे आपल्याकडचे बहुतेक रुग्ण मधुमेही, म्हणजे मूत्रपिंड अनेकदा आधीच कुरकुरणारं.

केंब्रिजजवळच्या एका संशोधन संस्थेत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळंच काम चाललं होतं. लेसिथिनसारखी स्निग्ध द्रव्यं (लिपिड) पाण्यात मिसळली की ती आपोआप वळून सूक्ष्म फुगे तयार होतात, हे तिथे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसलं. हेच लायपोसोम. त्यात औषध भरायची कल्पना पुढे काही वर्षांत सुचली. कारखान्यात जमायला पाव शतक गेलं. लायपोसोमल अँफो युरोपात १९९० साली आणि अमेरिकेत १९९७ साली आलं. औषध या फुग्याच्या पोटात असतं अशी बऱ्याच जणांची समजूत आहे. अँफोच्या बाबतीत ते भिंतीत रुतलेलं असतं. बुरशीशी गाठ पडेपर्यंत भिंत त्याला धरून ठेवते, म्हणून मूत्रपिंड बरंचसं वाचतं.

इथून पुढे नावांचा घोळ सुरू होतो, आणि माझ्या मते २०२१च्या गोंधळाचं मूळ त्यात आहे. बाजारात अँफो चार रूपांत होतं : साधं, लायपोसोमल, लिपिड कॉम्प्लेक्स आणि लिपिड इमल्शन. शेवटच्या तिघांना सरसकट ‘लिपिडवालं’ म्हटलं जातं आणि बोलण्याच्या ओघात तिन्ही ‘लायपोसोमल’ होतात. तसं नाही. कॉम्प्लेक्समध्ये औषध-लिपिडच्या पट्ट्या असतात, फुगे नसतात. खुद्द लायपोसोमलमध्येही दोन तऱ्हा. एक पिवळ्या पावडरची : स्टराइल वॉटर घालून जोरात हलवायची, बारीक फिल्टरमधून ओढायची आणि डेक्स्ट्रोजमध्येच (साखरेच्या द्रावणात) मिसळायची. चुकून नॉर्मल सलाइन (मिठाचं पाणी) घातलं की साका धरतो आणि हजारोंची कुपी वाया. दुसरी तऱ्हा देशी बनावटीची. ती मुळातच सलाइनमध्ये असते आणि देण्याआधी ४५ मिनिटं अल्ट्रासॉनिक यंत्रात ठेवावी लागते. पहिलीला सलाइन चालत नाही, दुसरी सलाइनमध्येच येते. खोक्यावर शब्द तोच.

मात्रेचा हिशेब याहून नाजूक. म्युकरसाठी लायपोसोमल सहसा किलोमागे ५ मि.ग्रॅ. देतात. ६० किलोच्या माणसाला रोज ३०० मि.ग्रॅ., म्हणजे ५० मि.ग्रॅ.च्या सहा कुप्या, तेही काही आठवडे. साध्याची मर्यादा किलोमागे १.५ मि.ग्रॅ. लायपोसोमलच्या हिशेबाने साधं दिलं, तर हृदय बंद पडू शकतं. ब्रिटनमध्ये नेमक्या याच गफलतीबद्दल २००७ साली देशभर इशारा द्यावा लागला होता.

पुण्यात वाटप जिल्हा प्रशासनाकडे गेलं आणि कुप्या थेट रुग्णालयांना मिळू लागल्या. काळाबाजार रोखायला ते आवश्यक होतं, यावर फारसं दुमत नव्हतं. खटकलं ते मोजमाप. ‘जिल्ह्याला इतक्या कुप्या’ अशी बातमी यायची. त्या कोणत्या रूपाच्या आणि किती रुग्णांना किती दिवस पुरतील, हे त्यातून कळत नसे. जूनमध्ये जीएसटी शून्यावर आणला, तेव्हाही यादीत नाव एकच, अँफोटेरिसिन बी. त्याच महिन्यात मध्य प्रदेशात काही सरकारी रुग्णालयांत एकाच वेळी बऱ्याच रुग्णांना थंडी-ताप भरला. साध्या अँफोचा हा सहा दशकांचा जुना, पुस्तकी परिणाम. पण आधीच्या दिवसापर्यंत लायपोसोमल घेणाऱ्यांच्या घरच्यांनी तो ‘बनावट इंजेक्शन’ म्हणून वाचला, तर त्यांना दोष कसा द्यायचा?

तुटवड्यात अडसर मुख्यतः औषधाचा नव्हे, लिपिडच्या वेष्टनाचा होता. अतिशुद्ध लिपिड मोजक्याच कंपन्या बनवतात आणि त्याच वेळी कोविडच्या एमआरएनए लसींनाही अशाच द्रव्यांची गरज होती. पुढे जून २०२२ मध्ये हिंजवडीतल्या कंपनीच्या, देशातल्या पहिल्या एमआरएनए लशीला आपत्कालीन परवानगी मिळाली. तिचाही वाहक लिपिडचाच, आणि साठवण २ ते ८ अंशांवर, साध्या फ्रिजमध्ये.

पिंपरीचं हमायसिनही १९९०च्या दशकात लायपोसोममध्ये घालून उंदरांना दिलं गेलं होतं. विषारीपणा उतरला, बुरशीही आटोक्यात आली. रुग्णाच्या खाटेपर्यंत मात्र ते पोहोचलं नाही.