स्वागत आणि संमती: चर्चच्या दारात होणारा घोळ

"त्याला असं मोकळेपणाने येऊ दिलं, तर उद्या आपली पोरं म्हणतील, हे सगळं चालतं." नियमात न बसणारं कुणी चर्चमध्ये येऊ लागलं, की चर्च कमिटीच्या बैठकीत किंवा मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सुटल्यावर आवारात हे वाक्य या ना त्या रूपात कानावर पडतंच. बोलणारा दुष्ट नसतो. स्वागत आणि संमती यांची त्याने गल्लत केलेली असते, इतकंच.

स्वागत माणसाचं होतं: या, बसा, गीतांचं पुस्तक घ्या, चहाला थांबा. संमती कृतीला दिली जाते, आणि ती द्यायची की नाही हे शेजारच्या बाकावरच्याने ठरवायचं नसतंच.

कॅथलिक चर्चमधल्या घटस्फोटितांचं बघा. 'घटस्फोट झाला, ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) बंद' असं कित्येकजण धरून चालतात. नियम तसा नाही. नुसत्या घटस्फोटाने कुणी ख्रिस्तप्रसादाला मुकत नाही. पहिलं लग्न चर्चच्या न्यायालयाने रद्दबातल ठरवलेलं नसताना कुणी नोंदणी पद्धतीने दुसरं लग्न केलं, तर अडचण येते. तेव्हाही तो माणूस बहिष्कृत नसतो. पोप जॉन पॉल दुसरे काही ढिलाईसाठी प्रसिद्ध नव्हते. पण १९८१ साली त्यांनीच लिहून ठेवलं की अशांनी स्वतःला चर्चपासून तुटलेलं समजू नये, मिस्सेला यावं, मुलांना श्रद्धेत वाढवावं. ख्रिस्तप्रसादाची मनाई त्याच पत्रात कायम आहे. म्हणजे संमती नाही आणि दारही बंद नाही, दोन्ही एकाच कागदावर.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली प्रत्येकाची परिस्थिती वेगळी तपासायला सांगितलं आणि काहींच्या बाबतीत ख्रिस्तप्रसादासारख्या संस्कारांचीही वाट किलकिली केली, त्यावरून चर्चमध्ये मोठा वाद झाला. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना आणि नियमात न बसणाऱ्या इतर जोडप्यांना, लग्नविधी वाटणार नाही अशा साध्या पद्धतीने, आशीर्वाद द्यायला परवानगी दिली. विवाहाबद्दलची शिकवण बदललेली नाही, हेही तिथेच स्पष्ट लिहिलं. तरी एका बाजूला ती संमती वाटली, दुसरीला ते स्वागत अपुरं वाटलं. आफ्रिकेतल्या बिशपांनी तर आमच्याकडे हे नको, असंच कळवलं.

कागदावर एवढं बारीक विणकाम, आणि पॅरिशमध्ये, म्हणजे गावोगावच्या चर्चमध्ये? दुसरं लग्न केलेली एखादी बाई ख्रिस्तप्रसादाच्या रांगेसाठी उठली नाही, की मागच्या बाकांवर माना वळतात. उठली, तरी वळतात. बाळाचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, विचारायला गेली, तर "आधी तुमचं काय ते निस्तरा" असं एखादा परस्पर सुनावतो. चर्चचा कायदा त्यासाठी आई किंवा वडिलांपैकी एकाची तरी परवानगी आणि मूल श्रद्धेत वाढेल अशी वाजवी आशा मागतो. आईवडिलांचं लग्न चर्चच्या नियमात बसलंच पाहिजे, अशी अट त्यात नाही. सुनावणाऱ्याला हे ठाऊक नसतं, पण आवाजात खात्री मात्र पोपइतकी!

कधीकधी तर ज्यावरून नाक मुरडलं जातं, ते पापही नसतं, निव्वळ सवय असते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. बाप्तिस्म्यानंतरही त्या शाकाहारीच राहिल्या. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेरल्डीन यांना त्यात जुन्या जातीचा अहंकार दिसला. ज्या चालीरीतींनी कुणाचं वाईट होत नाही त्या मी का सोडू, अशी रमाबाईंची बाजू होती, आणि ती त्यांनी पत्रांतून ठामपणे मांडली. आज ताटाच्या जागी टिकली आली आहे. उपासनेला पहिल्यांदा आलेल्या बाईच्या कपाळाकडे नजर आधी जाते, तिचं नाव नंतर विचारलं जातं.

मग दार उघडं ठेवलं की श्रद्धा पातळ होते का? रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि त्यापायी काही वर्षं बायकोमुलापासूनची ताटातूट सोसली. बाप्तिस्म्याची किंमत त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याच टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला आणि त्यात ख्रिस्ताला मानणाऱ्या बाप्तिस्मा झालेल्या-न झालेल्या सगळ्यांना जागा दिली. तेव्हाही भुवया उंचावल्याच.

संमतीचे प्रश्न खोटे आहेत, असं मी म्हणत नाही. लग्न चर्चमध्ये लागेल का, धर्मपिता कोण होऊ शकतो, चर्चचा कारभार पाहणारा पंच म्हणून कुणाला निवडायचं, हे कुणीतरी ठरवावंच लागतं. पण त्यासाठी फादरांची किंवा पाळकसाहेबांची खोली आहे, ठरलेली वेळ आहे, आणि बोलताना दार लावून घेता येतं. रविवारी सकाळी दारात उभ्या असलेल्या स्वयंसेवकाने "मिस्टर नाही आले?" हा प्रश्न तेवढा गिळावा आणि गीतांचं पुस्तक हातात द्यावं.